गोपीनाथ गमरेचा दुभाष्या

गोपीनाथ गमरेला ओळखत नाही असा मराठी माणूस बहरीनमध्ये शोधूनच काढावा लागेल. त्याला कारणं दोन. एक तर त्याच्या हाताला एसीचं दुखणं बरोबर सापडतं, आणि दुसरं म्हणजे त्याचं तोंड. उभा राहिला की भाषण, बसला की गोष्ट. समोर ताट आलं तरी आधी दोन शब्द बोलणार, मग घास घेणार. त्याची बायको कुसुमबाई म्हणते, "ह्यांच्या हातात माइक दिलाव तर काढून घ्यायला क्रेन मागवावी लागंल." बाई फार काही वाढवून बोलत नाही.

माणूस मूळचा गुहागर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतला. बाप मृदंग वाजवायचा. शिमग्यात गावाचे नमन-खेळे व्हायचे तेव्हा सगळी रंगत बापाच्या थापेवर, पण बापाने बसायचं मांडवाबाहेर, आणि खेळे संपले की त्याचा नारळ लांबूनच जमिनीवर ठेवला जायचा. एका वर्षी बापाने नारळ तिथेच राहू दिला, मृदंग उचलला आणि घरी आला. पुढे गावाने किती निरोप धाडले तरी पुन्हा गेला नाही. गोपीनाथ तेव्हा जन्मलाही नव्हता, पण सांगतो असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हाच बापाचं बोट धरून चालला होता! बहरीनमध्ये दरवर्षी भीमजयंतीच्या कार्यक्रमात ही गोष्ट एकदा तरी व्हायचीच. मागे बसलेली पोरं त्याच्या आधी पुढचं वाक्य बोलून मोकळी व्हायची.

चिपळूणला आयटीआय केलं, मुंबईत काही वर्षं लोकांचे फ्रीज खोलले, मग इथे आला. कंपनी मुहर्रकची, इमारतींचे आणि हॉलचे एसी सांभाळणारी. घर जिदहफ्सला, दोन खोल्यांचं, खाली बाजार. मुलगी श्रावस्ती ईसा टाउनच्या शाळेत नववीत, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. एकूण बरं चाललं होतं. अशा माणसाकडून जे झालं ते ऐकून कुणी म्हणेल, छे, गोपीनाथ असं करणार नाही. गोपीनाथला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

तर ओकेलो. कंपनीत दोघांमागे एक गाडी, आणि गोपीनाथच्या गाडीत तो. युगांडाच्या उत्तरेकडचा, गुलू शहराजवळच्या खेड्यातला. उंच इतका की दुसऱ्याला शिडीची तिसरी पायरी लागते तिथे ह्याला पहिली पुरते. बोलायला कमी, हसायला मोकळा. साइटवरचे लोक त्याच्या पाठीमागे त्याला काय काय म्हणत ते सांगण्यासारखं नाही. गोपीनाथ मात्र त्याला 'भाऊ' म्हणायचा आणि तो ह्याला 'गोपी भाई'. कुसुमबाईचा डबा दोघांना पुरेल असा यायचा. सुकटीची चटणी असली की ओकेलो बोटं चाटायचा. गाडीत वास राहतो म्हणून सुपरवायझर बोंबलायचा, आणि हे दोघे काचा खाली करून खुशाल जेवत बसायचे.

नाटकाची गोष्ट निघाली ती श्रावस्तीमुळे. तिला शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट होता. जेवता जेवता ती सांगायला लागली की अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून भाग आहे, तिथे सेमिनोल नावाचे मूळचे लोक राहायचे. वरच्या मुलखातल्या मळ्यांमधून पळालेले आफ्रिकी गुलाम दलदल तुडवत त्यांच्याकडे यायचे. त्यांनी शेजारी आपली गावं वसवली, मका नि भात पिकवला, पिकातला वाटा सेमिनोलांना दिला. मग गोऱ्यांचं सैन्य आलं तेव्हा दोघे एकत्र लढले, वर्षानुवर्षं लढले. सैन्याचं म्हणणं एकच, ते पळून आलेले काळे आमच्या हवाली करा आणि सुखाने राहा. ह्या आफ्रिकी लोकांतलेच काही दुभाषे होते. गोऱ्यांची भाषाही यायची, सेमिनोलांचीही. तहाच्या बैठकीत मध्ये उभं राहून बोलायचे ते.

गोपीनाथचा घास हातातच राहिला. "अगो, ही तर आपली गोष्ट!"

"पपा, एव्हरीथिंग इज नॉट अवर स्टोरी," श्रावस्ती म्हणाली.

पण ऐकतो कोण! आठवड्याभरात त्याने यंदाच्या जयंतीसाठी एकांकिका लिहून काढली. नाव 'शेजारी'. सेमिनोल सरदार, त्याची बहीण, गोरा सेनापती, आणि सगळ्यात मोठं काम आफ्रिकी दुभाष्याचं. श्रावस्तीने वाचली आणि एकच खोट काढली. काही सरदारांनी शेवटी कबूल केलं होतं, लढाईच्या काळात पळून आलेल्यांना परत द्यायचं, ते ह्यात कुठे आहे? गोपीनाथ म्हणाला, "ते कशाला दाखवायचं? लोकांना चांगलं काहीतरी घेऊन घरी जाऊ दे." आणि तो विषय तिथेच मिटवला.

दुभाष्याचं काम ओकेलोला द्यायचं हे त्याच्या डोक्यात पहिल्या पानापासून होतं. गाडी सित्रा रोडला सिग्नलला उभी असताना त्याने विचारलं. ओकेलोला आधी थट्टा वाटली. मराठीत? मी? मग गोपीनाथने अर्थ समजावला, हिंदीत, इंग्रजीत, हातवारे करून. पुढच्या साइटवर पोचल्यावर ओकेलो म्हणाला, "गोपी भाई, मैं करेगा."

आणि केलं की हो त्याने! रोज गाडीत तालीम. गोपीनाथ एक वाक्य म्हणायचा, ओकेलो त्याच्या मागून. 'ळ' त्याला काही केल्या जमेना, 'ज' कुठला नि 'झ' कुठला ते कळेना, पण ठेका असा पकडला की गोपीनाथच्या अंगावर काटा यायचा. शेवटचं भाषण तर त्याला तोंडपाठ झालं होतं. "आम्ही तुमचे पाहुणे नाही. आम्ही तुमचे शेजारी आहोत. पाहुणा गेला तर पान रिकामं होतं, शेजारी गेला तर गाव रिकामा होतो." छतावर कंप्रेसरच्या आवाजात उभा राहून तो हे मोठ्याने म्हणायचा, आणि शेजारच्या इमारतीवरचे बंगाली मजूर टाळ्या वाजवायचे.

मग जयंती भरवणाऱ्या मंडळाची बैठक झाली, उज्ज्वलच्या घरी. उज्ज्वल मंडळाचा सेक्रेटरी, ऑफिसातला माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. चहा झाला, हॉलचं ठरलं, खिरीचं ठरलं. हॉल मुहर्रकमधल्या एका क्लबचा, गोपीनाथच्याच कंपनीकडे तिथल्या एसीचं काम असल्यामुळे ओळखीने मिळालेला. मग नाटकाचा विषय आला.

"गोपीदा, विषय एक नंबर आहे," उज्ज्वल म्हणाला. "पण ते काम त्या हबशाला कशाला?"

"हबशी काय म्हणतोस? भाऊ आहे तो आपला."

"असेल हो. माझं काही म्हणणं नाही. पण ह्या वर्षी पहिल्यांदा बाकीची मराठी मंडळं यायची आहेत. मोठे पाहुणे आहेत. आधीच लोक आपल्याकडे कसे बघतात ते तुम्हाला काय सांगायचं? आता कुठे जरा बरोबरीने बोलवायला लागलेत. त्यात आणखी हे कशाला ओढून घ्यायचं अंगावर?"

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "व्हिडिओ गावाला जातो. गाववाले म्हणतील, एवढ्या लांब जाऊन ह्यांना संगत कुणाची मिळाली, तर ह्यांची."

दोन-तीन जण हसले. गोपीनाथ हसला नाही.

"आमचा कैलास आहे ना," उज्ज्वल म्हणाला. कैलास म्हणजे त्याचा मेव्हणा, केसांना जेल लावून हिंडणारा. "त्याला हौस आहे. काळा रंग लावला की झालं काम. आणि जमत नसेल तर राहू दे, गोपीदा. यंदा समूहगीत ठेवू, नाटक पुढच्या वर्षी बघू."

सगळे गोपीनाथकडे बघायला लागले. आता हा उठणार, बापाची गोष्ट काढणार, मृदंगाचं सांगणार असं दोघा-तिघांना वाटलंही असेल. पण गोपीनाथच्या डोळ्यांपुढे त्याचं नाटक होतं. इतकी वर्षं भाषणं केली, गोष्टी सांगितल्या, पण स्टेजवर स्वतःचं नाटक, खाली खुर्च्या भरलेल्या, बाकीच्या मंडळांचे लोक समोर, असं कधी झालं नव्हतं. ते हातचं जाईल ही भीती मोठी ठरली. "बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं." आणि वर चिवड्याची बशी पुढे ओढून घेतली, जसं काही झालंच नाही.

इथवर एक वेळ समजून घेता येईल. पुढचं नाही येत. कारण ओकेलोला सांगायचं काय हा प्रश्न होता, आणि दोन दिवस गोपीनाथने मूग गिळले. तिसऱ्या दिवशी गाडीत ओकेलोने आपणहून भाषण सुरू केलं, तसं ह्याने मध्येच तोडलं. "भाऊ, ड्रामा कॅन्सल. खलास. परमिशन नहीं मिला." इतकं सरळ खोटं, समोर रस्त्याकडे बघत. मनाची समजूत अशी घातली की खरं सांगितलं तर बिचाऱ्याला वाईट वाटेल, रद्द झालं म्हटलं की कुणाचंच मन मोडत नाही. ओकेलो म्हणाला, "ओह." मग थोड्या वेळाने, "कोई बात नहीं, गोपी भाई. तुमने बहुत मेहनत किया." उलट ह्यालाच धीर दिला त्याने!

बरं, तेवढ्यावर तरी थांबावं. कार्यक्रमाच्या शुक्रवारी गोपीनाथची इमर्जन्सी ड्यूटी लागली होती. बदली कोण देणार? बाकीचे लोक सुट्टीचा दिवस सोडायला तयार होईनात. तर ह्या गृहस्थाने विचारलं कुणाला? ओकेलोला. "फॅमिली फंक्शन है," म्हणाला. ओकेलोने एका शब्दात हो म्हटलं, आणि वर कुसुमभाभीला सलाम सांगितला.

शुक्रवार उजाडला. हॉल निळ्या झेंड्यांनी भरला, खिरीचा वास सुटला, बायका ठेवणीतल्या पांढऱ्या साड्यांत. वंदना झाली, पाहुण्यांची भाषणं झाली. कुसुमबाईने सकाळपासून दोनदा विचारलं होतं, "ओकेलो भाऊ कधी येतायत? त्यांचा नाटकातला सदरा इस्त्री करून ठेवलाय." गोपीनाथ म्हणाला, त्याला ड्यूटी लागली. ते शब्दशः खरं होतं, आणि बायकोशी खोटं बोललो नाही ह्याचं त्याला क्षणभर समाधानसुद्धा वाटलं. माणूस किती खाली जाऊ शकतो बघा.

पडद्यामागे कैलासला बघितला तेव्हा मात्र गोपीनाथ जागीच थांबला. तोंडाला, हातांना, गळ्याला काळाकुट्ट रंग. ओठ लाल, डोळ्यांभोवती पांढरं वर्तुळ, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, गळ्यात प्लास्टिकच्या हाडांची माळ.

"अरे, हे काय केलंस? दुभाष्या आहे तो. दोन भाषा येणारा शहाणा माणूस. ही माळ कसली?"

"गोपीदा, पब्लिकला कळायला नको का कोण आहे ते?" कैलास म्हणाला आणि आरशात बघून दात दाखवले. बाहेर घंटा झाली. गोपीनाथने माळ काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

नाटक सुरू झालं. दुभाष्या आला तशी खालची पोरं किंचाळली आणि हॉल हसायला लागला. कैलासला हसू आवडलं. तो वाकून चालायला लागला, मध्येच छाती बडवली, मग तर विचारूच नका. सेमिनोल सरदार बिचारा गंभीर वाक्यं बोलत होता, पण लोकांचं लक्ष दुसरीकडेच. आणि ह्यातच छताच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. आधी थेंब थेंब, मग धार. गार हवा यायची थांबली. बायका पदराने वारा घ्यायला लागल्या. विंगेत गोपीनाथचे कान आपोआप टवकारले. निचऱ्याची नळी तुंबली होती, दुसरं काही नाही, आवाजावरून त्याला कळलं. पण त्याच्या अंगात नवा कुर्ता आणि जाकीट होतं. हॉलच्या वॉचमनने तोवर बोर्डावर लिहिलेल्या कम्प्लेंट नंबरला फोन करून टाकला होता.

कम्प्लेंटचा फोन ड्यूटीवाल्याकडे जातो. हे गोपीनाथला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, आणि कळलं ते बाजूच्या दारातून अॅल्युमिनियमची शिडी आत आली तेव्हा.

ओकेलो कंपनीच्या निळ्या कपड्यांत होता. एका हातात बादली, खांद्यावर शिडी. कार्यक्रम चालू आहे हे बघून तो पाय न वाजवता भिंतीच्या कडेकडेने आला, स्टेजच्या कोपऱ्याला शिडी उभी केली आणि वर चढला. झेंडे बघितले असतील, नसतील. छताचा पत्रा सरकवून त्याने आत हात घातला. आणि नेमकं त्याच वेळी कैलासने हात पसरून सुरू केलं, "आम्ही तुमचे पाहुणे नाही. आम्ही तुमचे शेजारी आहोत."

ओकेलोचा हात थांबला. गोपीनाथने विंगेतून स्पष्ट बघितलं. तो हळूच वळला आणि स्टेजकडे बघायला लागला. रंग फासलेला कैलास, टोप, हाडांची माळ, आणि त्याच्या तोंडून एकामागून एक येणारी ती वाक्यं. अर्थ त्याला माहीत होता, ठेका माहीत होता, पुढचं वाक्य कुठलं तेही माहीत होतं. "शेजारी गेला तर गाव रिकामा होतो," कैलास म्हणाला आणि गंमत म्हणून शेवटी एक उडी मारली. हॉलमध्ये हशा पिकला. ओकेलो परत छताकडे वळला आणि नळी साफ करायला लागला.

गोपीनाथला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. लाज म्हणजे काय ते त्याने आयुष्यात इतक्यांदा भाषणातून सांगितलं होतं, दुसऱ्यांनी आपल्याला कशी दिली ते. स्वतः कमावलेली ही पहिलीच. बाप मांडवाबाहेर बसायचा, पण मृदंग तरी त्याच्या हातात असायचा. ह्याने तर माणसाला बाहेरही ठेवलं आणि त्याचे शब्दही काढून घेतले.

नाटक संपायला आणि गार हवा यायला एकच गाठ पडली. टाळ्या कशाला होत्या कोण जाणे, पण खूप झाल्या. उज्ज्वलने गोपीनाथला स्टेजवर ओढलं, शाल घातली, हातात माइक दिला. ओकेलो तेव्हा घाण पाण्याची बादली घेऊन शिडी उतरत होता, फार तर दहा हातांवर. आता बोलायचं होतं. एवढंच बोलायचं होतं की हे काम ह्या माणसाचं आहे, तो बघा, तो आहे माझा दुभाष्या. गोपीनाथने तोंड उघडलं. समोर पाहुणे, बाकीच्या मंडळांचे लोक, मोबाइल उंच धरलेले.

"आणि आमच्या कंपनीचा माणूस," तो म्हणाला, "वेळेवर येऊन ज्याने एसी चालू केला, त्याच्यासाठीही एकदा टाळ्या झाल्या पाहिजेत."

कंपनीचा माणूस! नावसुद्धा निघालं नाही त्याच्या तोंडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओकेलोने बादली खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "जय भीम." "अरे, ह्याला जय भीम येतं!" लोक खूश झाले. दोघा-तिघांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. मग बादली, शिडी उचलून तो आला त्या दाराने गेला. कुसुमबाई खिरीची वाटी भरून धावली, तोवर गाडी निघून गेली होती, ईसा टाउनला दुसरी कम्प्लेंट होती म्हणे.

घरी कुसुमबाईने चपला काढायच्या आधी विचारलं, "तुम्ही त्याला सांगितलाव काय होतं?"

गोपीनाथने सांगितलं. सगळं सांगितलं, रद्द झाल्याचं, ड्यूटीचंसुद्धा. कुसुमबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने इस्त्री केलेला सदरा दाराच्या खुंटीवरून काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. श्रावस्ती तेवढी बोलली. "यू क्लॅप्ड फॉर हिम लाइक यू डोन्ट नो हिम, पपा." आणि आपल्या खोलीत गेली.

शनिवारी सकाळी गोपीनाथ गाडीपाशी पोचला तेव्हा ओकेलो आधीच बसलेला होता. गोपीनाथने रात्रभर जुळवलेलं वाक्य काढलं, "भाऊ, माझं चुकलं. मैंने झूठ बोला. ते लोक म्हणाले आणि मी..."

"गोपी भाई," ओकेलो म्हणाला, "चार कम्प्लेंट पेंडिंग है. यल्ला, चलो."

दोघे निघाले. रेडिओ बंद. काम मात्र नेहमीसारखं, पाना मागितला की पाना, टॉर्च मागितला की टॉर्च. दुपारी डबा उघडला तर कुसुमबाईने सुकटीची चटणी केली होती, ढीगभर. ओकेलो जेवला. बोटं पुसून झाल्यावर म्हणाला, "ड्रामा का व्हिडिओ है?"

गोपीनाथने डब्याचं झाकण लावलं.

"मंडळाच्या ग्रुपमध्ये आहे," तो म्हणाला. "पण तुला कशाला तो?"

मग ओकेलोने सांगितलं. तालीम सुरू झाली तेव्हाच त्याने गावी आईला कळवलं होतं. आईने चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं, माझा मुलगा इंडियन लोकांच्या नाटकात आहे, त्यांच्या भाषेत बोलतो, त्यांच्या बरोबरीने उभा राहतो. नाटक रद्द झालं हे तिला सांगायचं त्याच्याने झालंच नव्हतं. ती रोज विचारत होती, झालं का, कधी बघायला मिळणार. "उसका आँख कमजोर है," ओकेलो म्हणाला. "फोन भी छोटा. ऊपर से पेंट लगा है, कौन पहचानेगा? बोलूँगा, ये मैं है."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. त्याला खरंच तो व्हिडिओ हवा होता. गोपीनाथ म्हणाला, "नको रे, भाऊ. असं नको करूस." ओकेलो नुसता हात पुढे करून बसला होता. शेवटी गोपीनाथने मोबाइल काढला. स्क्रीनवर कैलासचं काळं रंगवलेलं तोंड, दात बाहेर. त्याने पाठवलं.

संध्याकाळी ते ईसा टाउनला एका छतावर होते. ओकेलोचा फोन वाजला. आवाजी निरोप होता. बाईमाणसाचा आवाज, खणखणीत, भरभर बोलणारा, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा वर गेलेला. ओकेलोने तो दोनदा ऐकला.

"काय म्हणते आई?" गोपीनाथने विचारलं.

"बोलती है, ये पेंट वाला कौन है? मेरा बेटा ऐसे नहीं चलता." ओकेलोने घाम पुसला. "पूछती है, इसमें तू किधर है?"

"मग? काय सांगितलंस?"

ओकेलोने व्हिडिओ उघडला, बोटाने पुढे सरकवला आणि एके ठिकाणी थांबवून गोपीनाथसमोर धरला. मधोमध कैलास, हात पसरलेला. आणि पार उजव्या कडेला, चित्र जिथे संपतं तिथे, शिडीचा खालचा भाग, आणि शिडीवर गुडघ्यापर्यंत दिसणारे दोन पाय. वरचा माणूस कॅमेऱ्यात आलाच नव्हता.

"मैं बोला, अम्मा, इधर देख. ये मेरे पैर हैं."